पूर ओसरल्यावर कोल्हापूरला जावे काय?

आषाढ-श्रावणात पंचगंगेला महापूर आला की दूरचित्रवाणीवर एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसू लागते. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेलेला असतो, मालमोटारींच्या लांबच लांब रांगा उभ्या असतात आणि एखाद्या घराच्या छपरावरून माणसांना नावेत उतरवून घेतले जात असते. हे चित्र खरे असते. परंतु ते ज्या दिवसाचे असते तो दिवस उलटून गेल्यावरही चित्र मात्र मनात तसेच राहते. मग मुंबई, पुणे, नाशिक वा सोलापूर येथील कुटुंबे भाद्रपदात ठरविलेली कुंभोज-बाहुबलीची यात्रा रद्द करतात. चातुर्मासासाठी त्या भागात विराजमान असलेल्या मुनिसंघाचे दर्शन पुढच्या वर्षावर ढकलतात. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनास निघालेले शेजारीही त्यांचे पाहून तिकिटे परत करतात. ‘तिकडे पूर आहे ना!’ एवढे एक वाक्य त्यासाठी पुरेसे ठरते.

या वाक्यातील ‘आहे’ हे क्रियापद तपासून पाहण्याजोगे आहे. पूर होता, हे खरे. तो आज आहे काय, जेथे जायचे तेथे तो आला होता काय, आणि जाण्याचा रस्ता मोकळा झाला आहे काय, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळू शकतात. ती न मिळविता घेतलेला निर्णय सावधपणाचा वाटतो खरा, पण त्याची किंमत कोणीतरी दुसरा मोजीत असतो.

पाणी येते कोठून आणि कसे

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या सह्याद्रीच्या कुशीतून उतरून प्रयाग चिखलीजवळ एकत्र येतात आणि तेथून पुढे त्यांना पंचगंगा हे नाव मिळते. पाचवी सरस्वती गुप्त आहे अशी लोकश्रद्धा आहे. गगनबावडा हा परिसर राज्यातील अतिवृष्टीच्या ठिकाणांपैकी एक. तेथे आणि राधानगरीच्या खोऱ्यात काही दिवस पावसाने उसंत घेतली नाही की धरणे भरतात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि भोगावतीला फुगवटा येतो. पुढे पंचगंगा कोल्हापूरला वळसा घालून, इचलकरंजीवरून जात नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. कृष्णाही त्याच वेळी दुथडी भरून वाहत असली तर पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही आणि ते मागे तुंबून गावाशिवारात पसरते.

या वर्णनावरून एक गोष्ट ध्यानात यावी. कोल्हापूरचा पूर भूकंपासारखा क्षणात कोसळत नाही. तो फुटाफुटाने चढतो आणि इंचाइंचाने उतरतो. कसबा बावड्याजवळील राजाराम बंधाऱ्यावर त्याची पातळी मोजली जाते. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी मानलेली आहे. पावसाळ्यात कोल्हापूरचा रिक्षावाला, दूधवाला आणि शाळकरी मुलगासुद्धा ‘आज बंधाऱ्यावर किती?’ असे विचारतो आणि त्याला उत्तर फुटांत मिळते. ज्या संकटाला असे मोजमाप आहे त्याविषयी अंदाजाने बोलण्याचे कारण उरत नाही.

सर्वच पूर सारखे नसतात, हेही मान्य केले पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावरील पाणी साडेपंचावन्न फुटांच्या पुढे गेले आणि जुलै २०२१ मध्ये त्याने छप्पन्न फूट ओलांडले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ मध्ये तेथे पाणी सत्तावन्न फुटांच्या वर चढले होते. त्या वर्षी कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून चार लाखांच्या आसपास लोकांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले. महामार्ग जवळजवळ आठवडाभर बंद राहिला, मिरज-कोल्हापूर रेल्वे थांबली आणि पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या ग्रामस्थांची नाव उलटून माणसे दगावली. ज्या घरांवर हे ओढवले त्यांच्या दृष्टीने तो पूर अद्याप ओसरलेला नाही. प्रवाशाला धीर द्यायचा तो या वास्तवावर पडदा टाकून नव्हे, तर ते जसे घडले तसे सांगूनच.

शहर किती आणि कोणते

महापुरात ‘कोल्हापूर बुडाले’ असा मथळा येतो. तो वाचून दूरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे संपूर्ण शहर पाण्याखाली गेल्याचे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात पाणी शहराच्या नदीकडील आणि सखल भागांत शिरते. पंचगंगा घाटाचा परिसर, शुक्रवार पेठेचा नदीकडील उतार, सुतारवाडा, दुधाळी, रमणमळा, नागाळा पार्कचा काही भाग, बापट कॅम्प अशी ही नावे दर महापुरात पुन्हा पुन्हा ऐकू येतात. जयंती नाल्याला नदीचे पाणी उलटे शिरले की शाहूपुरीतील कुंभार गल्ली आणि व्हीनस कॉर्नर येथे गुडघाभर, कधी पुरुषभर पाणी होते. हे भाग थोडे नाहीत आणि तेथे राहणारी माणसेही थोडी नाहीत.

तथापि जुन्या कोल्हापूरचा गाभा, म्हणजे अंबाबाईचे मंदिर, महाद्वार रोड, भवानी मंडप आणि बिंदू चौक, हा उंचावर वसलेला आहे. २०१९ च्या महापुरातही नदीचे पाणी तेथवर पोहोचले नव्हते. बाहेरून येणारे बहुतेक प्रवासी ज्या भागात उतरतात, दर्शन घेतात, जेवतात आणि खरेदी करतात, तो हाच भाग. म्हणजे ज्या दिवशी प्रवासी मुंबईत बसून ‘तिकडे पूर आहे’ म्हणत असतो, त्या दिवशी तेथील दुकानदार कोरड्या पायरीवर गिऱ्हाइकाची वाट पाहत असतो, असे घडू शकते.

तीर्थांचेही तसेच आहे. कुंभोज-बाहुबली हे क्षेत्र हातकणंगले तालुक्यात डोंगरावर आणि त्याच्या पायथ्याशी आहे. २८ फुटी बाहुबली भगवंतांची मूर्ती ज्या टेकडीच्या आश्रयाने उभी आहे, तेथे नदीचा पूर येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. निपाणीजवळ तवंदी घाटातील स्तवनिधी हे क्षेत्रही उंचावर आहे. अडचण येते ती क्षेत्रावर नव्हे, तेथे पोहोचण्याच्या रस्त्यावर; कोल्हापूरकडून स्तवनिधीला जाताना यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर येते तेव्हा मार्ग खंडित होतो.

शिरोळ तालुक्याची स्थिती मात्र निराळी. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या नद्यांच्या पाण्यांमध्ये तो वसलेला असल्यामुळे कोल्हापुरातील पाणी उतरल्यावरही तेथील पाणी आणखी काही दिवस रेंगाळते. खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आणि त्याच गावातील प्राचीन आदिनाथ जिनालय पाहावयास जाणाऱ्यांनी, तसेच नांदणीच्या मठात जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. कोल्हापूर मोकळे झाले म्हणजे खिद्रापूरही मोकळे झाले, असे समजू नये.

नाव मोठे होते, जागा लहान राहते

हा अनुभव केवळ कोल्हापूरचा नाही. ३० जुलै २०२४ रोजी केरळातील वायनाड जिल्ह्यात मुंडक्कै आणि चूरलमला येथे दरड कोसळून भीषण हानी झाली. ती एका खोऱ्यातील काही वस्त्यांची हानी होती. परंतु वृत्तपत्रांत नाव छापले गेले ते संपूर्ण जिल्ह्याचे. परिणामी, दुर्घटनास्थळापासून दूर असलेल्या भागांतही पर्यटक फिरकेनासे झाले आणि ज्यांच्या घराची कौलेही हलली नव्हती अशांची चूल मंदावली. त्याच जिल्ह्यात सुलतान बत्तेरी येथे प्राचीन जैन मंदिर आहे, ते दरडीच्या ठिकाणापासून बरेच दूर. ‘वायनाड’ या चार अक्षरांना मात्र हे अंतर ठाऊक नव्हते.

सातासमुद्रापलीकडेही असेच घडले. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात खनिज तेलाच्या विहिरीवर स्फोट होऊन ११ कामगार मृत्युमुखी पडले आणि पुढे सत्त्याऐंशी दिवस तेल समुद्रात वाहत राहिले. लुइझियाना राज्याचा किनारा काळवंडला, कोळ्यांचे व्यवसाय बुडाले, पाणथळीतील पक्ष्यांची अपरिमित हिंसा झाली. त्याच राज्यातील न्यू ऑर्लिन्स हे शहर मात्र मिसिसिपी नदीच्या मुखापासून सुमारे १६० किलोमीटर आत, प्रवाहाच्या वरच्या बाजूस वसलेले आहे. समुद्रातील तेल नदीच्या प्रवाहाविरुद्ध एवढे चढून येणे शक्य नव्हते आणि ते आलेही नाही. तरीही शहराला महिनोन्‌महिने प्रवाशांना हेच समजावीत बसावे लागले की येथील रस्ते, घरे आणि पिण्याचे पाणी ठीक आहे.

कोल्हापूर, वायनाड आणि न्यू ऑर्लिन्स या तिन्ही ठिकाणी चूक एकच होते. आपत्ती एका विशिष्ट जागी, विशिष्ट काळात घडते. भीती मात्र त्या जागेचे नाव धारण करणाऱ्या साऱ्या प्रदेशावर पसरते आणि तिला कालमर्यादाही राहत नाही. नकाशा उघडून आपले ठिकाण आणि आपत्तीचे ठिकाण यांतील अंतर मोजणे, हा या भीतीवरचा पहिला उतारा होय.

ज्याचा पंचनामा होत नाही असे नुकसान

पूर ओसरल्यावर तलाठी आणि ग्रामसेवक घरोघर फिरतात. किती भिंती पडल्या, किती जनावरे दगावली, किती एकर ऊस कुजला याची नोंद होते. या नोंदीस पंचनामा म्हणतात आणि त्यावरून सरकारी मदत ठरते. मदत अपुरी असेल, उशिरा मिळेल. पण त्या नुकसानीची कोठेतरी नोंद राहते.

दुसरे एक नुकसान आहे, त्याचा पंचनामा होत नाही. महाद्वार रोडवरील पूजासाहित्याच्या दुकानात पाणी शिरले नाही म्हणून त्याच्या नावे काहीही लिहिले जात नाही. पण पुढचे दोन महिने गिऱ्हाईक आले नाही, तर त्याचेही दुकान एका अर्थी बुडालेलेच असते. यात्री निवासात झाडलोट करणाऱ्या बाईला ‘सध्या माणसे नाहीत, बोलावू तेव्हा ये’ असे सांगितले जाते. रिक्षाचा बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेस येतो. भोजनालयातील वाढपी गावी परततो. हुपरीच्या चांदी कारागिराकडे पैंजणांची मागणी घटते. यांतील कोणीही पूरग्रस्तांच्या यादीत नसतो.

ज्यांच्यावर दोन्ही नुकसाने एकदम येतात, त्यांची अवस्था सर्वांत कठीण. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतील मूर्तिकार वर्षभराची कमाई गणेशोत्सवापूर्वीच्या दोन-तीन महिन्यांत करतो. ऑगस्ट २०१९ मध्ये नेमक्या त्याच काळात पाणी आले आणि तयार मूर्ती भिजून मातीला मिळाल्या. त्या वर्षी गणेशचतुर्थी २ सप्टेंबरला होती. म्हणजे पाणी उतरल्यानंतर हाती उरले ते अवघे दोन-तीन आठवडे. अशा माणसाला मदतीचे धान्य आणि ब्लँकेट हवेच असते, पण ते पहिल्या आठवड्यापुरते. त्यानंतर त्याला हवे असते काम आणि बाजार.

येथे व्यवहारातील एक साधा विचार उपयोगी पडेल. दान आणि व्यवहार ही दोन्ही साहाय्याची साधने आहेत, परंतु त्यांचे काळ वेगळे आहेत. पाणी अंगणात असते तेव्हा दानाची वेळ असते. त्या वेळी व्यवहाराची भाषा निष्ठुर ठरेल. पाणी उतरून चिखल धुतला गेला, दुकान पुन्हा उघडले, की व्यवहाराची वेळ सुरू होते. आणि तेव्हा केवळ दानच देत राहणे हे घेणाऱ्याला खाली मान घालावयास लावणारे ठरू शकते. दोन दिवस खोली घेऊन राहणारा, जेवणारा, गुळाची ढेप आणि पैंजणांचा जोड रास्त भावाने विकत घेणारा प्रवासी तेथील माणसाला त्याची मान ताठ ठेवून जगण्याची संधी देतो. त्यासाठी कोणास हार घालावे लागत नाहीत की छायाचित्र काढावे लागत नाही.

समाजातील अनेक संस्था महापुराच्या वेळी अन्नछत्रे चालवितात, धान्य आणि औषधे धाडतात. ही परंपरा भूषणावह आहे. तिला जोडूनच असा संकल्प व्हावा की ज्या गावाला श्रावणात मदत पाठविली, त्या गावाची भाद्रपदातील अथवा आश्विनातील यात्रा रद्द करावयाची नाही. फार तर चार आठवडे पुढे न्यावयाची.

केव्हा जाऊ नये

धीर देणे म्हणजे ‘काही होत नाही, चला’ असे म्हणणे नव्हे. काही काळ असा असतो की त्या वेळी न जाणे हेच कर्तव्य ठरते.

राजाराम बंधाऱ्यावरील पाणी इशारा पातळीच्या वर असेल आणि चढत असेल, तर प्रवास पुढे ढकलावा. बचावकार्य चालू असताना बाहेरचे प्रत्येक वाहन रस्ता अडविते आणि बाहेरचा प्रत्येक माणूस तेथील अन्न, पाणी व निवाऱ्याचा वाटेकरी होतो. पूर ‘पाहावयास’ जाणे तर सर्वस्वी त्याज्य मानावे. पाण्याखालील पुलावरून वाहन घालण्याचा मोह कोणत्याही कारणाने धरू नये. वाहत्या पाण्यात रस्ता दिसत नाही आणि तो खचला आहे की नाही हेही कळत नाही.

घाटरस्त्यांची गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी. कोकणातून गगनबावडा, आंबा वा फोंडा घाटाने येणाऱ्यांना पुराइतकाच दरडींचा धोका असतो आणि दरडींना बंधाऱ्यासारखे मोजमाप नसते. नदीचे पाणी उतरल्यावरही भिजलेला डोंगर काही काळ अस्थिर राहतो. अशा दिवसांत पुण्याकडून महामार्गाने येणे श्रेयस्कर. घाटानेच यावे लागले तर ते दिवसाउजेडी यावे. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा ज्यांचा नियम आहे त्यांनी सकाळी लवकर निघण्याचा बेत आखला तर नियमही पाळला जातो आणि घाटही उजेडात पार होतो.

आपल्या परंपरेत साधू-साध्वी वर्षाकाळात विहार थांबवून एका स्थानी राहतात. त्यामागे मुख्यतः जीवरक्षेचा विचार आहे. तथापि पावसाचा जोर असताना वाटेवर घाई करू नये, हा बोध गृहस्थालाही त्यातून घेता येतो. थांबावे, पण कायमचे थांबू नये. वर्षाकाळ संपला की विहार पुन्हा सुरू होतोच.

निघण्यापूर्वी चार चौकशा

पहिली चौकशी पातळीची. बंधाऱ्यावरील पाणी ३९ फुटांच्या खाली आले आहे काय आणि सलग दोन-तीन दिवस उतरत आहे काय, हे पाहावे. स्थानिक वृत्तपत्रे पावसाळ्यात ही पातळी रोज देतात. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा १०७७ हा निःशुल्क क्रमांक त्या जिल्ह्यातून लागतो; तेथे नातलग वा परिचित असतील तर त्यांच्याकडून विचारून घ्यावे.

दुसरी चौकशी वाटेची. कोल्हापूरला जाताना शिरोली, पुढे निपाणीकडे जाताना यमगर्णी आणि रेल्वेने येताना मिरज-कोल्हापूर मार्गावरील रुकडीचा पूल ही अडथळ्याची ठिकाणे आहेत. या तीन ठिकाणी वाहतूक सुरळीत असेल तर बाकीची वाट सहसा सुरळीत असते.

तिसरी चौकशी पाण्याची. महापुराची विचित्र गोष्ट ही की चहूकडे पाणी असताना नळाला पाणी नसते. बालिंगा, शिंगणापूर येथील उपसा केंद्रेच पाण्याखाली गेली की शहराचा पुरवठा थांबतो आणि यंत्रे दुरुस्त होईपर्यंत टँकर फिरतात. म्हणून ज्या धर्मशाळेत वा यात्री निवासात उतरायचे, तेथे नळपाणी पूर्ववत झाले आहे काय, हे आधी विचारावे. झाले नसेल तर आठ दिवस थांबावे. आपण वापरलेली बादली तेथील कुटुंबाच्या वाट्याची असते.

चौथी चौकशी आरोग्याची. पुरानंतरचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी केवळ वस्त्रगाळ करून पिऊ नये. गाळणे आणि त्यानंतर चांगले उकळणे, या दोन्ही क्रिया कराव्यात. ज्या घरांत उकळलेले पाणी पिण्याचा नियम पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांना यात नवीन काही नाही. प्रवासातही तो शिथिल करू नये एवढेच. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य करणाऱ्यांचा नियमही या काळात आपोआप उपयोगी पडतो, कारण पूर आलेल्या शिवारातील पालेभाजी काही आठवडे टाळणेच बरे. चिखलातून अनवाणी चालू नये. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्याशी संपर्क आल्यास लेप्टोस्पायरोसिससारखा ताप येण्याची शक्यता असते. परतल्यानंतर ताप आला तर वैद्यांना आपण पूरभागात जाऊन आल्याचे आवर्जून सांगावे. वृद्ध, गर्भवती आणि लहान मुले यांना घेऊन जाणाऱ्यांनी आणखी पंधरवडा थांबण्यास हरकत नाही.

या चार चौकशांना फार तर अर्धा तास लागतो. चारही उत्तरे समाधानकारक मिळाल्यावर घरी बसून राहण्यास भीतीखेरीज कारण उरत नाही.

गेल्यावर कसे वागावे

पूर येऊन गेलेल्या गावी पाहुण्याने थोडे जपून वागावे. भिंतीवरील चिखलाची रेघ, वाळत घातलेल्या वह्या, फुगलेली दारे ही कोणाच्या तरी दुःखाची चिन्हे असतात. त्यांची छायाचित्रे काढण्यापूर्वी विचारावे, आणि शक्यतो काढूच नयेत. दुकानदार आपणहून पुराविषयी बोलू लागला तर शांतपणे ऐकावे. भाव करताना नेहमीची घासाघीस या वर्षी आवरती घ्यावी. मंदिरात वा मठात उतरल्यास तेथील व्यवस्थेवर भार पडू न देता आपले शिधासामान बरोबर न्यावे, किंवा त्याचे मूल्य देऊन जेवावे. मुनिसंघाच्या चौक्यासाठी जाणाऱ्यांनी स्थानिक श्रावकांशी आधी बोलून घ्यावे. ज्या घरातच पाणी शिरले होते, त्या घरावर आतिथ्याचा बोजा पडू नये.

काळाची निवड करायचीच असेल तर तीही करता येते. भाद्रपदातील दशलक्षण पर्व पुराच्या ऐन काळापासून फार दूर नसते. २०१९ मध्ये पूर ओसरल्यानंतर अवघ्या तीनेक आठवड्यांनी पर्वास प्रारंभ झाला. अशा वर्षी पर्व आपल्या गावी साजरे करून आश्विनात निघावे. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला प्रचंड गर्दी असते. ती नको असेल तर दिवाळीनंतरचा काळ उत्तम. पाऊस थांबलेला, हवा प्रसन्न, घाट कोरडे आणि ऊसतोड सुरू झाल्यामुळे गुऱ्हाळांतून ताज्या गुळाचा वास येत असलेला. नोव्हेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणे अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात तो किरणोत्सवही याच हंगामात येतो. खिद्रापूरच्या स्वर्गमंडपात उभे राहून ४८ खांबांच्या मधल्या वर्तुळाकार मोकळ्या छतातून निरभ्र आकाश पाहण्यासही हाच काळ योग्य.

नदीकाठच्या माणसांनी तर पुराशी केव्हाच एक प्रकारचा समझोता केलेला आहे. नृसिंहवाडीला पाणी चढू लागले की ते दत्तमंदिरात शिरून पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते. त्या वेळी तेथे स्नान करण्यासाठी भाविकांची दाटी होते आणि त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. पाणी आणखी वाढले तर उत्सवमूर्ती वरच्या बाजूस हलवितात. पाणी उतरले की गाळ उपसतात, दगडी फरसबंदी धुतात आणि नित्याची पूजा पूर्ववत चालू होते. पुढच्या आठवड्यात तेथे गेलेल्या माणसाला खांबांवरची ओल तेवढी दिसते. बाहेरच्या पेढ्याच्या, फुलांच्या आणि खेळण्यांच्या दुकानांच्या फळ्या तोपर्यंत उघडलेल्या असतात.